पहिल्यांदा क्रूझवर जाणाऱ्याची नाही, तिसऱ्यांदा जाणाऱ्याची काळजी वाटते

हरभऱ्याचं बियाणं विकून झालं की आमच्या धंद्यात टूरचा मोसम सुरू होतो. खत-बियाणं-औषधांच्या कंपन्या वर्षभर "एवढा माल उचला, जोडीनं परदेश" म्हणून मागं लागलेल्या असतात, आणि हल्ली त्या परदेशात क्रूझ असतेच. सिंगापूर, दुबई, नाहीतर मुंबईहून गोवा-लक्षद्वीप. आमच्या लातूर-उदगीर-अहमदपूर पट्ट्यात कृषी सेवा केंद्राच्या काउंटरमागं मालकाचा डेकवर गॉगल लावून काढलेला फोटो आता काही नवलाचा राहिला नाही. माझाही आहे.

दरवर्षी नवी मंडळी विचारायला येतात, "मालक, काय काय घ्यावं, कसं वागावं?" त्यांची मला चिंता नाही. नवा माणूस बिचकलेला असतो. पाटी वाचतो, विचारतो, रांगेत उभा राहतो. जहाजावर खरा ताप असतो तो दोन-तीनदा जाऊन आलेल्या माणसाचा, कारण त्याला सगळं माहीत असतं. ही पोस्ट त्या जाणकारांसाठी आहे. नव्यांनी वाचली तरी हरकत नाही.

जाणकार पहिल्यांदा ओळखू येतो तो सेफ्टी ड्रिलच्या वेळी. जहाज सुटायच्या आधी प्रत्येकानं आपल्या ठरलेल्या जागी, म्हणजे मस्टर स्टेशनवर, जायचं असतं. लाइफ जॅकेट कसं घालायचं, कुठल्या जिन्यानं यायचं ते तिथं सांगतात. हल्ली काही जहाजांवर फोनवर व्हिडिओ बघून मस्टर स्टेशनवर नुसतं कार्ड दाखवून यायचं असतं. पाच मिनिटांचं काम. तेवढ्यासाठीही आमचे अप्पा बुफेत भजी खात बसतात आणि वरून सांगतात, "मी मागच्या साली केलंय, जहाज काय बुडत नसतंय." मग त्यांच्या नावाचा पुकारा होतो, आणि दोन-तीन हजार माणसांचं जहाज एका अप्पासाठी खोळंबतं.

अप्पा, 13 जानेवारी 2012 ला इटलीच्या जिल्यो बेटाजवळ कोस्टा काँकॉर्डिया नावाचं मोठं क्रूझ जहाज खडकावर घासून कलंडलं. चार हजारांहून जास्त माणसं होती त्यावर, 32 गेली. त्या दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांचं ड्रिल झालंच नव्हतं, दुसऱ्या दिवशी व्हायचं होतं. तेव्हाच्या नियमात चोवीस तासांची सवलत होती. त्या अपघातानंतर ती गेली आणि 1 जानेवारी 2015 पासून आंतरराष्ट्रीय नियमानंच ड्रिल जहाज सुटायच्या आधी किंवा सुटल्याबरोबर घ्यावं लागतं. टायटॅनिकनंतर 1914 साली समुद्रावरच्या सुरक्षेचा पहिला करार झाला, त्याच मालिकेतला हा नियम. आणि मागच्या साली तुम्ही वेगळ्या जहाजावर होता, केबिनही वेगळी होती. भोंगा सात वेळा आखूड आणि एकदा लांब वाजला की आपल्या जागी जायचं. एवढं बायकोला आणि पोरांनाही पाठ करायला लावा. गोंधळात तुम्ही एका मजल्यावर असाल, त्या दुसऱ्या.

आता घरून निघण्याचं. मुंबईचं क्रूझ टर्मिनल बॅलार्ड पियरला, सीएसएमटीपासून टॅक्सीनं अगदी जवळ. त्यामुळं लातूर एक्सप्रेसनं सकाळी उतरायचं आणि थेट जहाजावर चढायचं, असा जाणकारांचा हिशोब असतो. गाडी वेळेवर आली तर उत्तम. ती कधी कुठं थांबेल ते आपल्याला नव्यानं सांगायला नको. आदल्या दिवशी मुंबईत मुक्काम करा. परदेशातून जहाज धरायचं असेल तर विमानाच्या बाबतीतही तेच. जहाज ठरल्या वेळेला निघून जातं, स्टँडवरच्या कंडक्टरसारखी हाक मारत नाही.

कागदपत्रांत सगळ्यात जास्त फसगत व्हिसाची होते. ग्रीसहून निघून तुर्कस्तानचं बंदर करून परत ग्रीसला येणारी क्रूझ असेल, तर तुम्ही शेंगेन हद्दीतून, म्हणजे युरोपातल्या एकाच व्हिसावर चालणाऱ्या देशांतून, बाहेर पडून पुन्हा आत येता. सिंगल एंट्री, म्हणजे एकदाच आत येऊ देणारा व्हिसा पहिल्याच वेळी संपलेला असतो. दुबई-मस्कत-दुबईलाही हाच पेच. "टूरवाला बघून घेईल" यावर राहू नका, व्हिसावर सिंगल लिहिलंय की मल्टिपल ते स्वतः वाचा. पासपोर्टची मुदत प्रवासानंतर निदान सहा महिने शिल्लक हवी. लक्षद्वीप आपलंच असलं तरी तिथं उतरायला परमिट लागतं.

बीपी-शुगरच्या गोळ्या, चष्मा, एक जोड कपडे हातातल्या पिशवीत ठेवा. मोठी बॅग चढतानाच काढून घेतात आणि केबिनच्या दाराशी यायला तिला संध्याकाळ होते. आमच्याबरोबरच्या एका वहिनींची इन्सुलिनची पिशवी त्या बॅगेत गेली होती. दुपारभर सगळ्यांचा जीव टांगणीला.

बॅगेत काय नको, याची यादी जहाज कंपनी देते आणि ती कोणी वाचत नाही. इस्त्री, पाणी तापवायचा रॉड, इलेक्ट्रिक किटली, मेणबत्ती हे सगळं चढतानाच काढून घेतात. एक्स्टेन्शन बोर्डही बहुतेक ठिकाणी चालत नाही. कारण एकच, आग. भर समुद्रात अग्निशमन दलाची गाडी येत नाही. म्हणून उदबत्ती आणि निरांजनसुद्धा नको. सकाळची पूजा चुकवायची नसेल तर हात जोडा, स्तोत्र म्हणा, काडी पेटवू नका. "आमच्या देवाला पण यांचा प्रॉब्लेम" असं एका जाणकारानं स्टाफला ऐकवलं होतं. त्या पोराला मराठी कळत नव्हतं म्हणून बरं.

खाण्याचं आपल्याकडं फार मनावर घेतात. धपाटे, दशम्या, ठेचा घेऊन निघायची आपली रीत, पण घरी शिजवलेलं अन्न बहुतेक कंपन्या आत घेऊ देत नाहीत. सीलबंद पाकिटातला चिवडा, शेंगदाण्याची चटणी सहसा चालते. धपाटे रेल्वेत संपवा. शाकाहारी, जैन जेवण पाहिजे असेल तर बुकिंगच्या वेळीच लिहून द्या. आयत्या वेळी शेफशी वाद घालून काही होत नाही. एकादशी आली तर साबुदाणा मिळायचा नाही. फळं, दूध, दही, उकडलेला बटाटा मिळतो, तेवढ्यात भागवा.

बुफेच्या दाराशी हात धुवायला बेसिन असतं, नाहीतर एक जण हसतमुखानं सॅनिटायझर घेऊन उभा असतो. जाणकार त्याला चुकवून बाजूनं आत शिरतो. जहाजावर नोरोव्हायरस नावाचा उलट्या-जुलाबाचा आजार पसरतो. त्याला अगदी थोडे विषाणू पुरतात, आणि सॅनिटायझरनं तो नीट मरत नाही. साबण लावून वाहत्या पाण्याखाली चोळून हात धुणं हाच उपाय. वाढायच्या चमच्यानं, चिमट्यानंच घ्या. पुरी हातानं उचलून "ही नको, ती फुगलेली पाहिजे" करू नका. पोट बिघडलंच तर लपवू नका, जहाजावरच्या डॉक्टरला सांगा. दोन दिवस केबिनमध्ये बसवतात, टूर बुडते, हे खरं. लपवून हिंडलात तर आणखी पन्नास जणांची बुडते. दवाखान्याचं बिल मात्र चांगलंच येतं, तेव्हा प्रवास विमा काढल्याशिवाय निघू नका.

आणि ताट. आम्ही डीलर लोक टेबलावर आठ प्लेटी मांडून फोटो काढतो आणि त्यातल्या पाच तशाच ठेवून उठतो. पैसे कंपनीचे, अन्न जहाजाचं, आपलं काय जातंय! ज्यांच्या दुकानात रोज शेतकरी सोयाबीनच्या भावावरून रडत असतो, त्यांनी तरी असं करू नये असं मला वाटतं. राग येणार असेल तर येऊ द्या.

पाण्याबद्दलही मला असंच वाटतं. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं होतं. त्या उन्हाळ्यात आम्ही अंघोळीचं पाणी साठवून संडासात टाकलंय. जहाजावरचं पाणी बहुतांश समुद्रातूनच करतात, इंजिनाच्या उष्णतेवर वाफ करून किंवा आरओ लावून, आणि त्याला इंधन जळतं. तिथं शॉवर सोडून दात घासणारा लातूरकर बघितला की बोलावंसं वाटतं, पण बायको कोपर मारते. संडास व्हॅक्यूमवर चालतात. त्यात कागदाशिवाय दुसरं काही, ओले वाइप्ससुद्धा, टाकलं की सगळ्या गल्लीचे संडास तुंबू शकतात. धुवायचा जेट बहुतेक जहाजांवर नसतो, एक रिकामी बाटली जवळ ठेवा.

केबिनच्या भिंती पातळ असतात. रात्री साडेअकराला कॉरिडॉरमध्ये उभं राहून "ए, कुठं हाव? वर या की, डीजे लागलाय!" हे दहा केबिनना ऐकू जातं. गावाकडं व्हिडिओ कॉल लावून स्पीकरवर सगळ्या भावकीला जहाज दाखवायचं असेल तर मोकळ्या डेकवर जा. तेही जहाजाचं वायफाय घेऊन. फोन विमान मोडवर नसेल तर तो समुद्रावरच्या सॅटेलाइट नेटवर्कला चिकटतो आणि घरी गेल्यावर बिल डोळे पांढरे करतं.

पूलजवळच्या खुर्च्यांवर पहाटे सहाला टॉवेल, चप्पल, पाण्याची बाटली ठेवून दहापर्यंत गायब होणारे लोक जगभर असतात, आपणच नाही. पण एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्यात आपला हात कोण धरणार! बऱ्याच जहाजांवर अर्ध्या-पाऊण तासानं स्टाफ ते सामान उचलतो. मग भांडू नका. पूलमध्ये पोहण्याचेच कपडे लागतात. साडीत, बनियनवर, जीन्समध्ये उतरू देत नाहीत आणि ते बरोबरच आहे. लिफ्टमध्ये आतले बाहेर येऊ द्या. गुडघे धड असतील तर दोन मजल्यांसाठी जिना वापरा, म्हाताऱ्या माणसांना आणि व्हीलचेअरवाल्यांना लिफ्ट मिळेल.

स्टाफबद्दल मला जरा जास्तच बोलायचंय. केबिन साफ करणारा, ताट उचलणारा पोरगा सलग कित्येक महिने घराबाहेर असतो, आठवड्याचे सातही दिवस कामावर. आंतरराष्ट्रीय नियमानं त्याच्याकडून दिवसात 14 तासांपर्यंत काम घेता येतं. मर्यादाच एवढी, यावरून समजा. त्यात गोव्या-कोकणातली, केरळातली पोरं असतात, फिलिपिन्सची असतात. त्यांना "ए, शुक्शुक्" करू नका. छातीवर नावाची पट्टी असते, नावानं हाक मारा. वेट्रेसबरोबर परवानगी न घेता सेल्फी काढणं, तिला नाचायला ओढणं, "आमच्या कंपनीनं पैसे भरलेत" म्हणून दम देणं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. दारू फुकट होती, हे काही कारण होत नाही. आपले एरिया मॅनेजर अशा वेळी हसत बाजूला उभे असतात, कारण पुढच्या हंगामात त्यांना आपल्याच गळ्यात माल मारायचा असतो. म्हणून ग्रुपातल्या ज्येष्ठ डीलरनंच उठून हात धरून खाली बसवलं पाहिजे.

बंदरावर उतरलात की घड्याळ सांभाळा. सिंगापूरहून निघालेलं जहाज फुकेतला लागतं, तेव्हा तिथली वेळ सिंगापूरपेक्षा एक तास मागं असते. फोन आपोआप थायलंडची वेळ दाखवतो, जहाज बऱ्याचदा सिंगापूरच्याच वेळेवर चालतं. तुम्हाला चार वाजलेले दिसतात, जहाजावर पाच. उतरताना जहाजाची वेळ आणि परत यायची शेवटची वेळ बघा, साधं हातावरचं घड्याळ त्यावर लावा. जहाजाच्या स्वतःच्या टूरला उशीर झाला तर सहसा थांबतात, स्वतः टॅक्सी करून गेलेल्यासाठी थांबायला ते बांधलेले नाहीत. लक्षद्वीपला जहाज खोल पाण्यात थांबतं आणि छोट्या बोटीनं बेटावर नेतात. समुद्र खवळला तर उतरणं रद्द. कॅप्टनशी हुज्जत घालून लाट खाली बसत नाही.

गोदावरीच्या पुलावर गाडी आली की नाणं टाकायचं, ही सवय घेऊन आपण समुद्रात नारळ, हार, प्रसादाची प्लास्टिकची पिशवीसुद्धा सोडायला जातो. जहाजावरून काहीही टाकायला बंदी असते. प्लास्टिक तर आंतरराष्ट्रीय करारानं कुठल्याच समुद्रात टाकता येत नाही. सिगारेटचं थोटूकही नाही. ते वाऱ्यानं खालच्या बाल्कनीत येऊन पडतं, आणि तिथं कोणाचा तरी टॉवेल वाळत असतो.

मळमळ होणाऱ्यांनी मधली आणि खालच्या मजल्याची केबिन मागा, तिथं डुलणं कमी जाणवतं. गोळी डॉक्टरला विचारून आधीच घ्या, उलटी सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग नाही.

शेवटच्या रात्री बिल बघून घ्या. सकाळी काउंटरवर ही गर्दी असते, आणि मिनीबारमधल्या पाण्याच्या बाटलीवरून वाद घालायला वेळ नसतो. त्याच रात्री बॅगा केबिनबाहेर ठेवायला सांगतात, त्या परस्पर खाली जातात. उद्याचे कपडे, चपला, औषधं, पासपोर्ट आधी बाजूला काढा. आमच्या ग्रुपातल्या एका शेठजींनी, चार क्रूझ झालेल्या, उत्साहात सगळंच भरून बाहेर ठेवलं होतं. सकाळी इमिग्रेशनच्या रांगेत अंगावर बर्म्युडा, खताच्या कंपनीचा टी-शर्ट आणि पायात केबिनमधल्या पांढऱ्या सपाता. पुढं उभ्या असलेल्या एका नव्या डीलरला ते समजावून सांगत होते, "आपण दरवेळी असंच उतरतो. सुटसुटीत पडतं."