डीव्हीडी ड्राइव्ह काढल्याने कॉम्प्युटर पळत नाही

‘जुन्या कॉम्प्युटरमधला डीव्हीडी ड्राइव्ह काढून टाका. तो रॅम खातो, प्रोसेसरवर ताण आणतो. काढला की मशीन दुप्पट वेगाने चालेल,’ असा मेसेज फिरतोय. लोक तो खरा मानून चांगले ड्राइव्ह भंगारात देतायत, म्हणून हे लिहितोय.

रॅमचं आधी. आत डिस्क नसेल तर ड्राइव्ह नुसता बसून असतो. विंडोजमधला त्याचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला चालवणारं छोटं सॉफ्टवेअर, एक एमबीसुद्धा नसतो. चार जीबीच्या मशीनमध्ये तेवढ्याने काय होणार?

प्रोसेसरवर ताण ही मात्र एके काळची खरी तक्रार. आयडीई या जुन्या जोडणीच्या जमान्यात हार्ड डिस्क आणि सीडी ड्राइव्ह बऱ्याचदा एकाच चपट्या केबलवर असायचे. एकाचं काम चालू असताना दुसरा थांबायचा. त्यात विंडोज एक्सपीला वाचताना पुन्हा पुन्हा चुका आल्या की ते डीएमए (प्रोसेसरला मध्ये न घेता डेटा थेट रॅममध्ये नेण्याची पद्धत) सोडून जुन्या पीआयओ पद्धतीवर उतरायचं, म्हणजे डेटा वाहायची हमाली प्रोसेसरकडेच. सीडी चालू असताना माउसचा बाण अडखळायचा तो त्यामुळे. साटा ही नवी जोडणी आली, प्रत्येकाला वेगळी केबल मिळाली आणि हे दुखणं संपलं.

‘पण माझं मशीन लटकतं,’ असं कुणी म्हणालं तर आधी ट्रे उघडून बघा. शेजारच्या काकूंकडे ‘माय कॉम्प्युटर’ उघडलं की वरची हिरवी पट्टी मुंगीच्या चालीने सरकायची. ड्राइव्ह घुर्र करायचा, थांबायचा, परत घुर्र. ट्रे बाहेर काढला तर आत चरे पडलेली सीडी. ती उचलली आणि खिडकी लगेच उघडली.

‘काढल्यावर खरंच वेग वाढला’ हेही खोटं नाही, फक्त श्रेय चुकीच्या माणसाला मिळतंय. लॅपटॉपमध्ये ड्राइव्हच्या जागी कॅडी, म्हणजे दुसरी डिस्क बसवायची चौकट, लावतात आणि त्याच वेळी एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा खूप वेगवान, चिपवरची डिस्क) टाकतात. वेग त्या एसएसडीचा. ड्राइव्ह तसाच ठेवून हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली असती तरी तेच झालं असतं.

काकूंनी तो मेसेज वाचून नंतर ड्राइव्ह काढूनच टाकला. मशीन होतं तसंच आहे. मुलीच्या लग्नाच्या दोन डीव्हीडी कपाटात आहेत आणि त्या बघायला घरात दुसरं काही नाही. तुम्हाला काढायचाच असेल, तर आधी घरातल्या सगळ्या डिस्क हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. एका साध्या, एकाच थराच्या डीव्हीडीत जेमतेम 4.7 जीबी मावतं, एका संध्याकाळचं काम आहे.