लांब पिको आणि गुंता: एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, टॅटिंगच्या, म्हणजे शटलवर (हातात मावणाऱ्या छोट्या फिरकीवर) गुंडाळलेल्या दोऱ्याच्या गाठींनी केलेल्या लेसच्या रुमालाला कमी-जास्त लांबीचे पिको (दोन गाठींमध्ये सोडलेले दोऱ्याचे छोटे फासे) घालण्यावर मी लेख लिहिला होता. त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. "पिको एका मापाचे नसतील तर ते टॅटिंग नव्हे, गुंता आहे, पहिल्याच धुण्यात चोथा होईल आणि नवीन मुली हेच शिकतील," असं तुम्ही लिहिलंय. टॅटिंगमध्ये हात मुरलेला माणूसच हे लिहील, म्हणून सविस्तर सांगते.

धुण्याचं अगदी खरं. परवा लेखातला तो रुमाल कोमट पाण्यात धुतला तर कडेचे पिको एकमेकांत अडकले. सुईने एकेक सोडवण्यात संध्याकाळ गेली. ओला असतानाच थर्माकोलवर टाचण्यांनी ताणून पातळ खळ दिली, तेव्हा कुठे पाकळ्या उभ्या राहिल्या. आणि आपल्या ठाण्याच्या पावसाळी हवेत ती खळही दोन दिवसांत मऊ पडली. रोजच्या वापराच्या रुमालाला असे पिको नकोत, हे लेखात लिहायला हवं होतं. आता घातलंय.

मापाचं मात्र मला पटत नाही. जोडाचा पिको, म्हणजे ज्यात शेजारची रिंग (गाठींचं गोल कडं) जोडतात तो, लहान आणि एकसारखाच हवा, नाहीतर ती रिंग ओढली जाते आणि रुमाल सपाट बसत नाही. शोभेच्या पिकोवर तसा ताण नसतो, तिथे कमी-जास्त लांबी हाच नमुना. माझी लांबी अंदाजपंचे नाही. पुठ्ठ्याच्या १०, १६ आणि २४ मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापल्यात. दोन गाठींत पट्टीइतकं अंतर सोडायचं. गाठ सरकवून भिडवली की पिकोची उंची त्याच्या साधारण निम्मी भरते. एका पाकळीत १०, १६, २४, १६, १० असा चढ-उतार.

मण्यांचे पिको याहून किचकट. जांभळी नाक्याच्या बाजारातून आणलेले बारीक मणी रिंग सुरू करण्याआधीच हाताभोवती घेतलेल्या दोऱ्याच्या फेऱ्यात मोजून घ्यावे लागतात. एखादा शटलकडे राहिला, तर तो पिकोत आणताच येत नाही.

नवशिक्यांबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. नौपाड्यात माझ्याकडे येणाऱ्या मुलींच्या हातात पहिला महिनाभर एकच पट्टी असते.

गुंत्यावर एक उपाय करून बघतेय. लांब पिकोला क्रोशाच्या सुईने पाच पीळ द्यायचे आणि पुढच्या फेरीचा जोड त्याच्या टोकालाच घ्यायचा. पीळ तिथेच अडकतो, पिको मोकळा लोंबत नाही. तसा तुकडा विणायला घेतलाय. खळ न देता चार वेळा धुऊन फोटो टाकते. तेव्हा नक्की बघा, ताई, आणि आत्तासारखंच स्पष्ट लिहा.