पुरुषपार्टी

परवा एका मैत्रिणीने व्हॉट्सॲपवर एक क्लिप पाठवली. खाली हसून लोळणारे चार इमोजी आणि एक ओळ: "अगं, तुझ्या जपानात बायका पुरुष होऊन 'नाटू नाटू' करतायत, बघितलंस का?"

बघितलंय, बाई. क्लिपमध्ये नाही, थेट नाट्यगृहात. जानेवारी २०२४, वरच्या मजल्यावरची शेवटून दुसरी रांग, गळ्यात उसनी दुर्बीण. आणि खरं सांगायचं तर मीही हसायच्या तयारीनेच गेले होते. म्हणून तिला दोन ओळीत उत्तर द्यायला बसले, ते इतकं लांबलं की म्हटलं सगळ्यांनाच वाचू दे.

तर ते 'ताकाराझुका', फक्त बायकांची नाट्यमंडळी, पुरुषांची कामंही बायकाच करतात. ओसाकाच्या उमेदा स्टेशनातून हांक्यू कंपनीची गडद तपकिरी-लाल गाडी पकडायची आणि अर्ध्या-पाऊण तासात शेवटच्या स्टेशनावर उतरायचं. नाट्यमंडळीचं नाव त्या गावावरूनच पडलंय. आणि ही मंडळी जन्मली रेल्वेमुळे, कलेच्या ध्यासाने वगैरे नाही. इचिझो कोबायाशी नावाच्या गृहस्थाने १९१० मध्ये ही लाइन सुरू केली. शेवटच्या स्टेशनापर्यंत लोक जावेत म्हणून गरम पाण्याच्या झऱ्यांच्या त्या गावात मनोरंजन केंद्र काढलं, त्यात बंदिस्त पोहण्याचा तलाव बांधला. तलाव सपशेल आपटला. पाणी गार, त्यात स्त्री-पुरुषांनी एकत्र पोहायला बंदी. मग त्याने तलावावर फळ्या टाकून प्रेक्षागृह केलं, १९१३ मध्ये सोळा मुली गोळा करून त्यांना गाणं शिकवायला लावलं आणि एप्रिल १९१४ मध्ये पहिला प्रयोग लावला. तिकीटविक्री वाढावी म्हणून, तीही गाडीच्या तिकिटांची! आज तिथे अडीच हजारांवर खुर्च्यांचं थिएटर आहे, टोकियोत दुसरं आहे, आणि पाच तुकड्या वर्षभर आळीपाळीने प्रयोग करतात: फूल, चंद्र, हिम, तारा आणि १९९८ मध्ये आलेली सगळ्यात धाकटी, आकाश. मध्ये एकदा यांनी पुरुषांचाही विभाग काढला होता, १९४५ मध्ये. नऊ वर्षांत गुंडाळला. कोणाला नकोच होते ते.

मला तिथे नेलं ऑफिसातल्या एका सीनिअरने. आपण तिला ताई म्हणू. वय पन्नाशीपुढे, एरवी मीटिंगमध्ये तोंडातून शब्द फुटत नाही. पण तारा तुकडी 'आरआरआर', म्हणजे 'नाटू नाटू'वाला सिनेमा, रंगमंचावर करणार असं जाहीर झालं त्या दिवशी ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. मी भारतीय, म्हणजे हा माझा घरचा विषय, असं तिने परस्पर ठरवून टाकलं. "मी मराठी, सिनेमा तेलुगू" वगैरे समजावून पाहिलं. उपयोग शून्य. तिकिटं सोडतीत निघतात, ती ताईला लागली होती.

यावर आपल्याकडे लोक विश्वास ठेवत नाहीत, पण तो सिनेमा जपानमध्ये ऑक्टोबर २०२२ मध्ये लागला आणि महिनोन् महिने उतरलाच नाही. त्याआधीचा भारतीय सिनेमाचा विक्रम रजनीकांतच्या 'मुत्तू'चा होता, १९९८ पासूनचा. तोही मोडला. आणि तारा तुकडीने २०१७ मध्ये 'ओम शांती ओम'सुद्धा केलेलं आहे. म्हणजे आपले हिरो त्यांना नवे नाहीत.

आता प्रयोगाबद्दल. तीन तासांचा सिनेमा दीड तासात बसवलाय, कारण मध्यंतरानंतर तासाभराचा नाचगाण्याचा स्वतंत्र कार्यक्रम असतो. त्यामुळे पळापळ आहे, आणि ती जाणवते. सिनेमात इंग्रजांशी लढणारे दोन नायक, भीम आणि रामराजू. इथे गोष्ट भीमाच्या बाजूने सांगितलीय, नावातच 'रूट भीम' आहे. जपानी उच्चारात त्याचा 'बीमु' होतो, आणि जपानीत 'बीमु' म्हणजे लेझरचा किरणही. पहिली पाच मिनिटं मला त्याचंच हसू येत होतं. जेनी या गोऱ्या मुलीचं काम सिनेमापेक्षा बरंच वाढवलंय, कारण इथे प्रत्येक तुकडीत एक मुख्य नायक आणि त्याची एक मुख्य नायिका ठरलेली असते आणि तिला तिच्या मानाचं काम द्यावंच लागतं. हे मला खटकलं. भीमाची लढाई आपल्या गोंड पोरीला परत आणण्याची, आणि इथे अधूनमधून वाटतं की गडी प्रेमात पडायलाच दिल्लीला आलाय. इंग्रज अधिकारीही फार देखणे. इतके की त्यांचा राग यायला वेळ लागतो.

पण मग भीमाला चाबकाने फोडून काढतात तो प्रसंग आला.

सिनेमात तिथे काय काय आहे आठवा. पिळदार अंग, रक्त, कॅमेऱ्याचा क्लोजअप. इथे त्यातलं काही नाही. भीम झालेली रेई माकोतो नावाची नटी, एकटी, 'कोमुरम भीमुडो' जपानीत गातेय. आवाज खालच्या पट्टीतून निघतो, पण पुरुषाची नक्कल नाही तो. बाईने मुद्दाम जाड केलेला आवाजही नाही. मी दुर्बीण खाली ठेवली. चेहरा बघायची गरज उरली नव्हती, इतक्या लांबूनही खांद्यांवरून कळत होतं की हा माणूस वाकणार नाही. शेजारी ताई रुमाल तोंडात कोंबून बसलेली. जपानी प्रेक्षक मोठ्याने रडत नाहीत, पण अडीच हजार जणांनी एकाच वेळी नाक ओढल्याचा आवाज मी तिथे ऐकलाय.

'नाटू नाटू' तर झालंच, आणि हो, दम लागेल इतक्या वेगात झालं. पण मैत्रिणीला सांगायचंय ते चाबकाच्या प्रसंगाबद्दल. क्लिपमध्ये तो येत नाही.

हे जे पुरुषाचं काम करणं आहे, त्याला ते 'ओतोकोयाकु' म्हणतात. मी मनात त्याला 'पुरुषपार्टी' म्हणते, आपल्या स्त्रीपार्टीच्या चालीवर. संगीत शाळेत वर्षाला चाळीसच मुली घेतात, पंधरा ते अठरा वयाच्या. दोन वर्षं शिक्षण. त्यात उंच असतील त्या साधारण पुरुषभूमिकेकडे जातात, बाकीच्या 'मुसुमेयाकु', म्हणजे नायिकेच्या कामांकडे. तिथून पुढे चालायचं कसं, खुर्चीत बसताना गुडघे किती लांब ठेवायचे, खिशात हात घालताना अंगठा कुठे, बाईला जवळ घेताना हात तिच्या पाठीवर कुठे टेकवायचा, हे वर्षानुवर्षं घोटायचं. त्यांच्यात म्हणच आहे, 'ओतोकोयाकु जूनेन'. पुरुषपार्टी व्हायला दहा वर्षं लागतात. आणि दहा वर्षांनी जो तयार होतो तो पुरुष रस्त्यावर कुठे भेटत नाही. त्याला घाम येत नाही, तो बायकोवर खेकसत नाही, समोरची बोलत असताना फोन बघत नाही. ताईला मी एकदा विचारलं, "तुला पुरुषाच्या वेषातली बाई आवडते की पुरुष?" तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "दोन्ही नाही. मला ओतोकोयाकु आवडतो."

हे वाक्य ऐकलं आणि मला थेट सांगली आठवली.

कारण आजी सांगायची की तिची आई बालगंधर्वांचं नाटक बघून आली की आठवडाभर आरशासमोर पदर लावत बसायची, रुक्मिणीसारखा. खऱ्या बाईने पदर कसा घ्यावा हे एका पुरुषाकडून शिकायचं! आणि यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. त्या काळच्या बायका बालगंधर्वांमध्ये पुरुष बघत नव्हत्या, हुबेहूब बाईसुद्धा बघत नव्हत्या. त्या बघत होत्या नारायणरावांनी घडवलेली तिसरीच कुणी. आणि गंमत ऐका. गंधर्व नाटक मंडळी किर्लोस्करांतून फुटून निघाली ते साल १९१३. कोबायाशीने सोळा मुली गोळा केल्या तेही १९१३. दोन टोकांना दोन मंडळ्या, एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा. कोणी कोणाचं ऐकलेलं नाही, बघितलेलं नाही.

तेव्हा निदान मराठी माणसाने तरी या क्लिपला हसू नये. हसायचं तर आधी आपल्या पणजीला हसा.

यांची सगळीच गोष्ट गोडगुलाबी आहे असंही समजू नका. मी ते थिएटर बघितलं तेव्हा आतली हवा जड होती. सप्टेंबर २०२३ मध्ये आकाश तुकडीतल्या पंचवीस वर्षांच्या एका मुलीचा मृत्यू झाला होता. कामाचे अमानुष तास आणि वरिष्ठ मुलींचा जाच, असं तिच्या घरच्यांचं म्हणणं. कंपनीने आधी जाच नाकारला, आणि मार्च २०२४ मध्ये मान्य करून माफी मागितली. त्यानंतर प्रयोगांची संख्या कमी केली. यांचं ब्रीद आहे 'शुद्ध, सरळ, सुंदर'. तीस वर्षांच्या कसलेल्या नटीलाही इथे 'विद्यार्थिनी'च म्हणतात. लग्न करायचं तर मंडळी सोडायची. अगदी अलीकडेपर्यंत शाळेतल्या पहिल्या वर्षाच्या मुली हांक्यूच्या धावत्या गाडीला वाकून नमस्कार करायच्या, आत कुणी सीनिअर बसलेली असेल तर म्हणून! ज्या गाडीने मी हौसेने गेले तीच ही गाडी. हे कळल्यावर ती तपकिरी-लाल गाडी पूर्वीसारखी दिसत नाही. ताईला यावर बोलायला आवडत नाही, पण टाळतही नाही. "मी तिकीट काढते, म्हणजे त्यात माझाही हात आहे," असं एकदा म्हणाली आणि विषय बदलला. मला यावर तोडगा सुचलेला नाही. मी अजूनही जाते.

जाते, कारण शेवटचा जिना. कार्यक्रमाच्या अखेरीला मंचभर पसरलेला सव्वीस पायऱ्यांचा जिना उजळतो आणि सगळी तुकडी ज्येष्ठतेच्या क्रमाने गात खाली उतरते. सर्वांत शेवटी मुख्य नायक, पाठीवर पिसांचा अख्खा डोंगर घेऊन. पायरी अरुंद, आणि खाली बघायचं नाही. बघत नाहीतच कोणी. मघाशी चाबूक खाणारा भीम आता चमचमत्या सुटात हसत उतरतोय, आणि तुम्हाला त्यात काहीही विसंगत वाटत नाही. आपल्याकडे नाटक संपल्यावर भैरवी होते ना, तसं काहीसं. फक्त भैरवीला पिसं नसतात.

रेई माकोतो गेल्या, २०२५ च्या १० ऑगस्टला. म्हणजे मंडळीतून निवृत्त झाल्या. सहाएक वर्षं ताऱ्याच्या मुख्य नायक होत्या. चाहत्या त्यांना लाडाने कोत्चान म्हणतात. इथे नायक उतरणीला लागायच्या आत जातो. शेवटचा प्रयोग टोकियोत होता, आम्ही तो ओसाकातल्या सिनेमागृहात थेट बघितला. शेवटी त्या पिसं नाहीत, काही नाहीत, शाळेच्या मुलींसारखा काळा किमोनो आणि त्यावर हिरवा हाकामा, म्हणजे घेरदार विजार, घालून त्याच सव्वीस पायऱ्या उतरल्या. पुढचा नायक अकात्सुकी चिसेई, म्हणजे 'आरआरआर'मधला रामराजू. ताईने त्याच्याही सोडतीचे अर्ज भरून ठेवलेत, पण त्या दिवशी ती बोलण्याच्या अवस्थेत नव्हती.

परतीच्या गाडीत काहीतरी बोलायचं म्हणून मी तिला बालगंधर्वांबद्दल सांगितलं. १९१३ चं ऐकून तिने मान वर केली. मग मी फोनवर 'नाथ हा माझा' लावलं, एक इअरफोन तिला, एक मला. जुनी रेकॉर्ड, खरखर खूप. तिने डोळे मिटून पूर्ण ऐकलं.

"या कोणत्या तुकडीच्या?" पहिला प्रश्न.

म्हटलं, त्यांची स्वतःचीच तुकडी होती.

"आणि यांचा शेवटचा जिना कधी झाला?"

मग सांगावं लागलं की आमच्याकडे जिना नव्हता. कर्जं होती. उतारवयात, शरीर साथ देत नसतानाही ते लुगडं नेसून उभे राहत होते आणि लोक येत होते, काही जुन्या आठवणीने, काही कीव येऊन. ताई खिडकीबाहेर बघत राहिली. एक स्टेशन गेलं, दुसरं गेलं.

"म्हणजे त्यांना कोणी जा म्हणालं नाही," ती म्हणाली. आणि इअरफोन परत न देता म्हणाली, "पुन्हा लाव."