लाल डोळा, निळा डोळा

वीज गेली तरी देवघरात उजेड राहावा, ही आईची मागणी. समई आहे, पण शेजारीच पडदा, त्यामुळे धास्ती. मी म्हटलं, "सूर्यनारायणाच्या कृपेवर चालणारा दिवा करून देतो." हे आश्वासन मी पुण्यात, भर जुलैत दिलं.

सामान तापकीर गल्लीतून आणलं. ६ व्होल्ट, १ वॉटचं सोलर पॅनेल, एक १८६५० सेल (पुन्हापुन्हा चार्ज होणारा लिथियमचा) आणि वडापावच्या भावात मिळणारं टीपी४०५६ चिपचं चार्जिंग मॉड्यूल. त्यावर दोन चिमुकले दिवे. लाल म्हणजे चार्जिंग चालू, निळा म्हणजे सेल भरला. शेंबड्या पोरालाही कळेल!

गॅलरीत पॅनेल लावलं. लाल दिवा लागला, विझला, लागला, विझला. "डोळा मारतोय मेला," आई म्हणाली. मी त्यांच्या दारावर कॅमेरा रोखलाय, असं शेजारच्या काकांनी सेक्रेटरींना कळवलं. मग ढग आले आणि दोन्ही दिवे गेले. चिप गेली समजून दुसरं मॉड्यूल आणलं. त्याचीही तीच गत. तिसऱ्या खेपेला दुकानातला पोरगा म्हणाला, "काका, तळून खाता का?"

शेवटी मीटर काढला. पॅनेल मोकळं असताना सव्वासहा व्होल्ट, मॉड्यूलला जोडलं की साडेतीनच्या आसपास. भानगड अशी, की चिपने किती करंट मागायचा हे ठरवणारा १.२ किलोओहमचा रेझिस्टर मॉड्यूलवर बसवलेला असतो आणि त्या हिशेबाने चिप १ अँपिअर मागते. माझं पॅनेल लख्ख उन्हातही जेमतेम दीडशे मिलिअँपिअरचं धनी. ते मान टाकतं, व्होल्टेज ३.७ च्या खाली घसरतं, चिप काम थांबवते. थांबली की ओझं उतरतं, व्होल्टेज वर येतं, आणि ही बया उठून पुन्हा १ अँपिअरच मागते. गणपतीच्या वर्गणीला आलेली पोरं पाचशेच्या खाली पावतीच फाडत नाहीत, तसं.

डेटाशीट, म्हणजे चिपचं माहितीपत्रक, म्हणते, इनपुट कमी पडलं तर दोन्ही दिवे बंद. सेल फार गार किंवा फार गरम असला तरी दोन्ही बंद. चिप खरोखर मेली तरी, अर्थात, दोन्ही बंदच. आणि दिवेही त्याच इनपुटवर जगणारे. 'मी उपाशी आहे' हे सांगायलाही पोटात काहीतरी लागतंच की.

त्यातून एकदा मॉड्यूल मोबाइलच्या चार्जरला जोडलं आणि सेल बसवायलाच विसरलो. निळा दिवा झगझगीत! लाल अधूनमधून लुकलुकत होता, तिकडे दुर्लक्ष करून मी आईला हाक मारून दाखवलंही. चिप बिचारी सेल समजून तिथला इवलासा कपॅसिटर (चिमूटभर वीज साठवणारा भाग) भरत होती, आणि भरला की 'झालं' म्हणत होती.

मग चिमट्याने तो तिळाएवढा रेझिस्टर काढून तिथे १० किलोओहमचा बसवला. आता मागणी १३० मिलिअँपिअरची. दोन दिवसांनी ऊन पडलं. लाल दिवा लागला आणि तब्बल सात मिनिटं पापणी न लवता लागून राहिला. मी "आई, आई" म्हणत आत धावलो, तिला घेऊन आलो, तोवर ढग. दोन्ही दिवे बंद.

आई काही बोलली नाही. आत जाऊन तिने पडदा बाजूला बांधला, समईत तेल घातलं, वात पुढे सारली.

"अरे," ती म्हणाली, "हिचा रेझिस्टर कुठे असतो?"