दसऱ्याचे सोने आणि वाळवंटातली शमी

दसरा जवळ आला की महाराष्ट्रात आपट्याच्या पानांवरून वाद सुरू होतो. सोने लुटण्याच्या नावाखाली झाडे ओरबाडली जातात, तेव्हा पाने वाटणेच बंद करावे, असे एक पक्ष म्हणतो. वर्षभर डोंगर फोडले जात असताना पर्यावरणाची आठवण नेमकी सणालाच का होते, असे दुसरा विचारतो. संयुक्त अरब अमिरातीत राहून हा वाद वाचताना मला दोन्ही बाजूंची तळमळ पटते. मात्र बोलणे सगळे पानाविषयी होते आणि झाड बाजूलाच राहते.

इथे ऋतुबदलाची वर्दी आकाश देते. २४ ऑगस्टच्या सुमारास पहाटे दक्षिण क्षितिजालगत सुहैल तारा दिसू लागला की उन्हाळ्याची धार आता ओसरणार, असे अरब लोक पूर्वापार मानत आले आहेत. हा तारा म्हणजे आपला अगस्त्य, ज्याच्या उदयाने पावसाळ्याचे गढूळ पाणी निवळते अशी आपली समजूत आहे. प्रत्यक्षात ऑक्टोबरातही दुपारी बाहेर उभे राहवत नाही. पण महिना सरता सरता संध्याकाळी वारा सुटतो आणि उन्हाळाभर घरात कोंडलेली कुटुंबे चटया, कोळशाची शेगडी, खजूर आणि कहवा घेऊन शहराबाहेर पडू लागतात.

त्यांतली अनेक जण गाफच्या सावलीत बसतात. हा गाफ म्हणजे आपली शमी, राजस्थानची खेजडी. दुबईच्या मुश्रिफ राष्ट्रीय उद्यानात या झाडांचे नैसर्गिक रान आहे. बारीक, जोडीजोडीने लागलेली पाने, फांदीवर आखूड काटे, आणि मोकळ्या वाळवंटात पाहिले तर उंटाचे तोंड जिथवर पोहोचते तिथवर झाड खालून कात्रीने कापल्यासारखे सपाट. मुळे ३० मीटरपर्यंत खोल जातात, म्हणूनच पाऊस नसतानाही ते हिरवे राहते. २००८ साली ते इथले राष्ट्रीय वृक्ष ठरले, अमिरातीने २०१९ साली पाळलेल्या ‘सहिष्णुता वर्षा’चे बोधचिन्हही तेच होते, आणि ते तोडण्यास कायद्याने बंदी आहे.

दसऱ्यानंतरच्या सुटीच्या दिवशी आम्ही काही मराठी कुटुंबे अशाच एका झाडाखाली जमतो. पांडवांनी शमीवर शस्त्रे लपवल्याची गोष्ट मुलांना सांगतो, झाडाला नमस्कार करतो, डबे उघडतो. पान कोणी तोडत नाही, आणि त्यामुळे सण उणा झाला असे कोणालाही वाटलेले नाही. सीमोल्लंघन म्हणजे तरी काय होते? गावाची वेस ओलांडून शमीपाशी जाणे आणि तिची पूजा करणे. माणूस झाडाकडे जात होता तोवर चार पानांनी काही बिघडत नव्हते. झाड फांद्यांसकट बाजारात येऊ लागले तेव्हा नुकसान सुरू झाले, आणि आता तर आपट्याच्या नावाने कांचनाची पानेही सर्रास विकली जातात.

इथला कायदा तिकडे जसाच्या तसा चालेल असे मी म्हणणार नाही. कायदा कडक असूनही गाड्यांच्या चाकांखाली इथली खुरटी झुडपे चिरडली जातात आणि सहलीनंतर प्लॅस्टिक उडत राहते, हेही मी पाहतो. शिवाय दादरच्या बाजारात पाने घेऊन बसणाऱ्या आदिवासी बायकांची त्या दोन दिवसांची कमाई कोणत्याही बंदीने सर्वांत आधी बुडेल, आणि पर्यावरणाच्या बाजूने बोलणारे आपण त्याचा उल्लेखही करत नाही, हे मला खटकते. त्यांच्याकडून पानांऐवजी आपट्याची आणि शमीची रोपे घ्यावीत, महापालिकांनी आणि ग्रामपंचायतींनी ती लावायला वेशीजवळ जागा द्यावी, आणि पाचसहा वर्षांत ती वाढली की दसऱ्याच्या संध्याकाळी लोकांनी तिथे चालत जावे.