फक्त एक जार तर टाकायचीय

शनिवारी रात्री कॉलवर साहेब म्हणतात, "अरे फक्त एक जार तर टाकायचीय आणि कॉन्फिगमध्ये दोन ओळी, अर्ध्या तासाचं काम." जार म्हणजे जावा प्रोग्रामच्या कोडचं गाठोडं असलेली फाइल, कॉन्फिग म्हणजे सेटिंगची फाइल. साहेबांचं हे ऐकलं की पवईच्या आमच्या ऑफिसात सगळ्यात आधी वडापाव मागवले जातात, कारण कांजूरमार्गवरून शेवटची लोकल आता मिळत नाही हे सगळ्यांना कळून चुकलेलं असतं. रोलबॅक प्लॅन, म्हणजे बिघडलं तर मागे कसं यायचं ते, वगैरे त्यानंतर.

क्लस्टरमधले, म्हणजे एकच अॅप मिळून चालवणारे, चारही सर्व्हर अगदी सारखे असतात, पण फक्त डायग्राममध्ये. प्रत्यक्षात नोड दोन आणि तीनवर (नोड म्हणजे यातलाच एक सर्व्हर) कोणीतरी नवीन जार टाकताना जुनी काढलीच नव्हती, दोन्ही एकाच लिब फोल्डरात सुखाने नांदतायत, आणि तो कोणीतरी आता बेंगळुरूला. अॅप ज्याच्यावर चालतं त्या टॉमकॅटच्या ७ व्या आवृत्तीपर्यंत निदान जार नावाच्या क्रमाने लोड व्हायच्या, ८ पासून फाइल सिस्टिम देईल तो क्रम, त्यामुळे त्याच दोन जार नोड तीनवर गुपचूप चालतात आणि नोड दोनवर नोसचमेथडएरर, म्हणजे 'अशी मेथडच (फंक्शनच) नाही'. मेथड आहे हो! जारमध्ये आहे, उघडून दाखवतो! पण जावाने दुसरीच जार उचलली त्याला मी काय करू.

डिसेंबर २०२१ तर विचारूच नका. लॉगफोरजे या नोंदी ठेवणाऱ्या जावा लायब्ररीत सुरक्षेचं ते भगदाड निघालं, २.१५ आवृत्ती टाकली, सगळीकडे रिस्टार्ट, तर म्हणे २.१६ आली, मग २.१७, आणि वर्ष संपता संपता २.१७.१. आई फोनवर म्हणाली, "अरे तो लॉगफोरजे कोण आहे त्याला एकदाच काय ते नीट समजावून सांगा ना." मला वाटतं त्या महिन्यात याहून शहाणं कोणी काही बोललं नाही.

रोलिंग रिस्टार्ट, म्हणजे एकेक सर्व्हर पाळीपाळीने बंद-चालू करणं, हा आपला रविवारचा मेगाब्लॉक. माटुंगा-मुलुंडमध्ये धीम्या गाड्या जलद मार्गावर वळवतात तसं एक नोड युजर वाटून देणाऱ्या लोड बॅलन्सरमधून काढायचा आणि त्याचे युजर बाकीच्या तिघांच्या अंगावर घालायचे. रेल्वे निदान आधी पेपरात सांगते. बरं, नोड उठला की हेल्थ चेक हिरवा, कारण तो बिचारा फक्त लॉगिनचं पान उघडतंय का बघतो, लॉगिन झाल्यावर आत काय जळतंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. आणि कोणीतरी विंडोजवर एडिट करून पाठवलेली ती सेटएनव्ही फाइल (टॉमकॅट सुरू होताना वाचतो ती), प्रत्येक ओळीच्या शेवटी न दिसणारं आणि सर्व्हरला न चालणारं एक अक्षर, त्यावर बोलायला बसलो तर सकाळ होईल, झालीच होती एकदा.

पण परवाची मजा त्या दोन ओळींची. एका ओळीत कनेक्शन पूल, म्हणजे एका सर्व्हरने डेटाबेसशी उघडून ठेवायची कनेक्शनं, २० चा ५० केलेला, यूएटीत, म्हणजे चाचणीच्या सेटअपवर, पास, कारण यूएटीत सर्व्हर एकच. इथे तीच फाइल चौघांवर, म्हणजे दोनशे, आणि पोस्टग्रेस डेटाबेसची डिफॉल्ट मर्यादा शंभर, जी आमच्याकडे कोणी कधी वाढवलेलीच नाही. पहिले दोन नोड उठले, तिसऱ्याला डेटाबेसने दारातूनच परत पाठवलं. पहाटे डीबीएंना, म्हणजे डेटाबेस सांभाळणाऱ्यांना, उठवलं. दोन मिनिटं ते काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले, "मर्यादा वाढवतो, पण त्याला डेटाबेस रिस्टार्ट लागेल, अप्रूव्हल आहे का?"

साहेब कॉलवर होते, म्यूटवर.