कोंबडीतलं ‘ग्रोथ हार्मोन’ आणि आपला रिसेप्टर

एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. त्याचा सारांश असा: ब्रॉयलर कोंबड्यांना ग्रोथ हार्मोनची इंजेक्शनं देतात म्हणून त्या सहा आठवड्यांत तयार होतात, ते हार्मोन शिजवूनही जात नाही, खाणाऱ्याच्या अंगात ते कामाला लागतं आणि मुली लवकर वयात येतात. वर पुरावा म्हणून, ‘कोंबड्यांना हार्मोन द्यायला बंदी घातली आहे, म्हणजे काहीतरी असणारच.’

‘इंजेक्शन दिलं की कोंबडी वाढते.’ सगळी गफलत इथून सुरू होते. कोंबडीचं ग्रोथ हार्मोन म्हणजे 191 अमिनो आम्लांची एक साखळी. ती रक्तात नुसती फिरून काहीच होत नाही. यकृताच्या पेशींवरच्या रिसेप्टरला, म्हणजे हार्मोनचा संदेश घेणाऱ्या प्रथिनाला, तिने जाऊन धरावं लागतं. तीही एकाला नाही. हार्मोनचा एक रेणू आपल्या दोन वेगळ्या बाजूंनी दोन रिसेप्टर धरतो, तेव्हा कुठे पेशीच्या आत संदेश जातो आणि प्रत्यक्ष वाढ घडवणारं आयजीएफ-1 तयार होऊ लागतं. माणसाच्या हार्मोनच्या बाबतीत ही दुहेरी पकड 1992 साली क्ष-किरण स्फटिकचित्रणातून स्पष्ट दिसली. पेशींवरच्या प्रयोगांत आणखी एक मजेशीर गोष्ट आढळली. हार्मोन फारच वाढवलं, तर प्रत्येक रिसेप्टरला आपापला वेगळा रेणू मिळतो, जोड्या जमत नाहीत आणि संदेश उलट मंदावतो. ‘जास्त हार्मोन म्हणजे जास्त वाढ’ हे गणित इथेच कोसळतं.

याहून बोलका पुरावा खुद्द कोंबड्यांनीच दिला आहे. त्यांच्यात एक आनुवंशिक खुजेपणा असतो. त्यात ग्रोथ हार्मोनच्या रिसेप्टरचा जनुक बिघडलेला असतो. अशा कोंबडीच्या रक्तात ग्रोथ हार्मोन कमी नसतं, नेहमीपेक्षा जास्तच असतं. आयजीएफ-1 मात्र कमी, आणि कोंबडी बुटकी ती बुटकीच. हिला हवं तितकं इंजेक्शन द्या, धरायला रिसेप्टरच धड नाही तर काय होणार?

रिसेप्टर शाबूत असलेल्या ब्रॉयलर पिल्लांना हार्मोन टोचून पाहिलं गेलंच नाही, असंही नाही. पाहिलं, आणि वाढीत फारसा फरक पडला नाही. थोड्या मोठ्या पक्ष्यांत काही परिणाम दिसला, पण तो हार्मोन थेट शिरेतून, शरीर सोडतं तसं ठरावीक अंतराने थोडं थोडं सोडल्यावर. रक्तात ते काही मिनिटांतच निम्मं होतं. हजारो पक्ष्यांच्या शेडमध्ये प्रत्येकाच्या शिरेत दिवसभर सुई कोण धरून बसणार? व्हिडिओंत दिसणाऱ्या सुया लशींच्या असतात. कोंबड्यांना होणाऱ्या मारेक या विषाणूजन्य रोगाची लस तर अंड्यातल्या भ्रूणालाही देतात.

मग इतकी वाढ कशाने? 2014 साली अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी तीन वाण एकाच खाद्यावर वाढवले: 1957 आणि 1978 पासून निवड न करता तसेच जपलेले दोन, आणि 2005 चा एक व्यावसायिक. 56 व्या दिवशी त्यांची सरासरी वजनं होती 905, 1808 आणि 4202 ग्रॅम. खाद्य तेच, त्यामुळे हा फरक पिढ्यान्‌पिढ्या केलेल्या निवडीचा. या निवडीने पायांचे आणि हृदयाचे विकारही आणले. तक्रार करायचीच तर ती करा, खरी आहे.

‘शिजवूनही जात नाही.’ आचेवर प्रथिनाची घडी उलगडते, आणि पकड त्या घडीवरच अवलंबून असते. उरलंसुरलं जठरातलं पेप्सिन आणि पुढे आतड्यातलं ट्रिप्सिन ही पाचक विकरं तोडतात.

‘आपल्या शरीरात काम करतं.’ यावर ‘पक्ष्यांची हार्मोन्स माणसाला लागूच पडत नाहीत’ असं सरसकट उत्तर दिलं जातं. तेही चूक आहे. कोंबडीचं इन्सुलिन माणसाच्या इन्सुलिन रिसेप्टरला खुद्द मानवी इन्सुलिनपेक्षा घट्ट धरतं. त्यामागे मुख्यतः एका अमिनो आम्लाचा बदल आहे: इन्सुलिनच्या दोन साखळ्यांपैकी ए साखळीत आठव्या जागी थ्रिओनिनऐवजी हिस्टिडिन. तरीही चिकन खाऊन कुणाची साखर उतरत नाही, कारण पोटातून इन्सुलिन रक्तापर्यंत पोचतच नाही. म्हणून तर 1922 पासून ते टोचून घ्यावं लागतंय.

ग्रोथ हार्मोनची गोष्ट उलटी आहे. माणसाचा रिसेप्टर फक्त माणूस आणि माकडवर्गाचंच हार्मोन नीट धरतो. मानवी हार्मोनमध्ये 171 व्या जागी अ‍ॅस्पार्टिक आम्ल असतं आणि रिसेप्टरवर 43 व्या जागी आर्जिनिन. विरुद्ध भार, त्यामुळे जुळतं. गाय, डुक्कर यांच्या हार्मोनमध्ये त्या जागी हिस्टिडिन आहे आणि तिथेच बिनसतं. गाईचं हार्मोन माणसांना टोचून झालं, उपयोग शून्य. म्हणूनच 1985 मध्ये जनुकतंत्राने बनवलेलं हार्मोन येईपर्यंत ते मृत माणसांच्या पिट्युटरी ग्रंथींतून काढावं लागत होतं. कोंबडी तर माणसापासून गाईपेक्षा कितीतरी दूरची.

‘मुली लवकर वयात येतात.’ वयात येण्याची सुरुवात ग्रोथ हार्मोन करत नाही, मेंदूतलं जीएनआरएच करतं. दहा अमिनो आम्लांचं हे इवलं पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी. कोंबडीतल्या त्याच्या एका रूपात फक्त आठव्या जागी आर्जिनिनऐवजी ग्लुटामिन असतं, आणि तेवढ्यानेच सस्तन प्राण्यांच्या रिसेप्टरवर ते अगदी क्षीण ठरतं. शिवाय युरोपात पहिल्या पाळीचं वय एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनच उतरत आलं आहे. तेव्हा ब्रॉयलर नव्हता.

राहिली बंदी. तिच्यामागे खरा इतिहास आहे. 1940-50 च्या दशकांत अमेरिकेत नर कोंबड्यांच्या मानेत डायएथिलस्टिलबेस्ट्रॉलच्या गोळ्या बसवत. ते कृत्रिम इस्ट्रोजेन होतं, पेप्टाइड नव्हे. लहान, मेदात विरघळणारा रेणू. पोटातून सहज शोषला जाणारा आणि पेशीच्या आतल्या इस्ट्रोजेन रिसेप्टरला धरणारा. त्याच्या बाबतीत मांसात अंश उरण्याची भीती रास्त होती, आणि 1959 मध्ये कोंबड्यांसाठी त्याचा वापर थांबवला गेला.